टेबल टेनिसची पकड : फोरहँड आणि बॅकहँड यांच्यातला तह

पॅरिस ऑलिंपिकच्या पुरुष एकेरीत २८ जुलै २०२४ रोजी सुरतच्या हरमीत देसाईसमोर फ्रान्सचा फेलिक्स लेब्रन उभा ठाकला. आदल्या दिवशी हरमीतने जॉर्डनच्या झैद अबू यमनचा ४-० असा पाडाव केला होता. लेब्रनसमोर मात्र तो ०-४ असा पराभूत झाला. सतरा वर्षांचा लेब्रन त्या वेळी जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचांत होता आणि घरच्या प्रेक्षकांसमोर खेळत होता. त्यामुळे निकालाचे नवल वाटण्याजोगे काही नव्हते. नवल होते ते दोघांच्या मुठींत. हरमीत रॅकेट धरतो ती हस्तांदोलन करावे तशी; लेब्रन धरतो ती लेखणी धरावी तशी. लेखणीची ही पकड, जिला खेळाच्या भाषेत ‘पेनहोल्ड’ म्हणतात, ती चीन, जपान आणि कोरिया यांची मिरास समजली जाते आणि त्या देशांतही ती दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे. ती एका फ्रेंच मुलाच्या हातात अशी तेजाने तळपावी, याचा अचंबा जाणकारांनाही वाटतो. गोव्यातील क्रीडारसिकांना मात्र ती आधीच ओळखीची झाली होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत गोव्यात भरलेल्या ‘डब्ल्यूटीटी स्टार कंटेंडर’ स्पर्धेत पुरुष एकेरीचे विजेतेपद लेब्रननेच पटकावले होते.

रॅकेट हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलापुढे आणि त्याच्या पालकांपुढे पहिला प्रश्न पकडीचाच असतो. पण फारच थोड्या ठिकाणी त्याला पहिल्या दिवसाचे महत्त्व मिळते. बहुतेकदा मूल रॅकेट उचलते, जमेल तशी धरते आणि चेंडू पलीकडे जाऊ लागला की सगळे समाधान पावतात. वर्षभराने बॅकहँड अडखळू लागतो, सर्व्हिसला फिरकी येत नाही, खांदा दुखू लागतो; तेव्हा दोष फटक्यात शोधला जातो. तो असतो मुठीत, आणि तोवर बोटांना तीच जागा आपली वाटू लागलेली असते.

पकडीचे महत्त्व सर्वच खेळांत आहे. गोल्फमध्ये तर शिकवणीचा आरंभच तिथून होतो. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाणारी, एका हाताची करंगळी दुसऱ्या हातावर चढवण्याची पकड शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. जॅक निक्लॉस आणि टायगर वूड्स यांनी मात्र करंगळी आणि तर्जनी एकमेकींत गुंफण्याची पकड पसंत केली. परंतु गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. खेळाडूला आपल्या हातांकडे पाहण्यास, बोटे नीट बसवण्यास, पुन्हा सोडून पुन्हा धरण्यास हवा तेवढा अवकाश मिळतो. टेनिसमध्ये चेंडू दूरवरून येतो, म्हणून फोरहँडची पकड वेगळी आणि बॅकहँडची वेगळी ठेवता येते. बॅडमिंटनमध्येही बॅकहँडला अंगठा मुठीच्या रुंद बाजूवर सरकतो आणि फोरहँडला परत येतो.

टेबल टेनिसला ही चैन परवडत नाही. टेबलाची लांबी अवघी २.७४ मीटर, आणि जलद रॅलीत एका फटक्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. एवढ्या काळात मूठ बदलून फटका मारणे दुरापास्तच. म्हणून या खेळात एकाच पकडीला दोन विरोधी कामे करावी लागतात. फोरहँडला जे सोयीचे ते बॅकहँडला गैरसोयीचे असते. योग्य पकड म्हणजे या दोघांमधला असा तह, की ज्यात एकाही पक्षाचे राज्य पूर्णपणे बुडत नाही. ‘सर्वोत्तम पकड कोणती’ या प्रश्नाचे एकच एक उत्तर कोणत्याही प्रशिक्षकाला देता येत नाही, ते याच कारणाने. कोणत्या बाजूला किती सवलत द्यायची, हे खेळाडूच्या खेळावरून ठरते.

हस्तांदोलनाची पकड

भारतातील बहुसंख्य खेळाडू हस्तांदोलनाची, म्हणजेच ‘शेकहँड’ पकड वापरतात. हरमीत आणि सुरतचाच मानव ठक्कर हे दोघेही त्यातलेच. ही पकड बसवण्याची रीत सोपी आहे. डाव्या हाताने रॅकेटची फळी धरावी, तिची कड आकाशाकडे आणि टोक समोर असावे. मग उजवा हात, एखाद्याशी हस्तांदोलन करावे तसा, मुठीकडे न्यावा. मधले बोट, अनामिका आणि करंगळी मुठीभोवती सैलसर वळतात. तर्जनी फळीच्या बॅकहँड बाजूला, रबराच्या खालच्या कडेलगत आडवी टेकते. अंगठा दुसऱ्या बाजूला, मुठीवर किंवा रबराच्या अगदी खालच्या काठावर विसावतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जी बेचकी, तिच्या बरोबर मधोमध फळीची कड यावी. वरून पाहिले असता मनगट, बेचकी आणि फळीची कड एका रेषेत दिसली, की पकड मध्यस्थ झाली असे समजावे.

या रेषेपासून फळी जरा जरी कलली तरी तिचे परिणाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दिसतात. उजव्या हाताच्या खेळाडूने रॅकेट समोर धरली असता वरची कड डावीकडे कलली, तर फोरहँडची बाजू आपोआप खाली झाकली जाते. फोरहँड टॉपस्पिनला ते मानवते. पण त्याच वेळी बॅकहँडची बाजू आकाशाकडे उघडते आणि तिकडून मारलेला चेंडू उंच उडतो. कड उजवीकडे कलली तर नेमके उलटे घडते. अनेक खेळाडू हा कल मनगट वाकवून झाकून नेतात. सरावात ते खपते, सामन्याच्या घाईत मनगट वेळेवर वाकत नाही.

दोष ओळखण्याची एक साधी युक्ती आहे आणि तिला प्रशिक्षकाचीही गरज नाही. साथीदाराने मंद गतीने एक चेंडू फोरहँडला, एक बॅकहँडला असे टाकत राहावे आणि खेळाडूने दोन्ही बाजूंनी सरळ, बिनफिरकीचा फटका मारावा. चुकलेले चेंडू कुठे जातात तेवढे पाहावे. एका बाजूचे चेंडू सातत्याने टेबलापलीकडे आणि दुसऱ्या बाजूचे जाळ्यात जात असतील, तर फटका सुधारण्याआधी मूठ तपासावी. दोन्ही बाजूंचे चेंडू सारखेच बाहेर जात असतील तर पकड बहुधा निर्दोष असते आणि चूक हाताच्या गतीत असते. ही परीक्षा दमल्यावर, सरावाच्या अखेरीस घेतली तर अधिक खरी ठरते. ताज्या हाताला लपवाछपवी चांगली जमते.

मूठ किती वर धरावी, यालाही अर्थ आहे. बेचकी फळीच्या खांद्याला घट्ट टेकलेली असेल तर रॅकेट स्थिर राहते. नवशिक्याला आणि जवळून जोरकस खेळणाऱ्याला तीच बरी. हात किंचित खाली सरकवला तर मनगटाला मोकळीक मिळते, फिरकी वाढते, परंतु फळीचा कोन राखणे अवघड होते. लहान मुले बहुधा याहूनही खाली, मुठीच्या शेवटाला धरतात, कारण रॅकेट त्यांना जड वाटते. रबरांसह तिचे वजन साधारण १८० ग्रॅमच्या आसपास असते. आठ वर्षांच्या मनगटाला तो भार थोडाथोडका नव्हे. अशा मुलाला हात वर घ्यायला बजावण्यापेक्षा हलकी रॅकेट आणून देणे शहाणपणाचे.

बाकीचे दोष नेहमीचेच आहेत. क्रिकेट खेळून आलेला मुलगा रॅकेट बॅटसारखी मुठीत आवळतो आणि तर्जनीही इतर बोटांबरोबर वळवून टाकतो. त्याचा फोरहँड जोरदार दिसतो, बॅकहँड मात्र जन्मच घेत नाही. काही मुलांची तर्जनी रबराच्या मधोमध वर चढते. त्यामुळे फोरहँडला आधार मिळाल्याचा भास होतो, मनगट मात्र ताठते आणि बॅकहँडचा चेंडू कधीकधी थेट बोटावर येऊन आदळतो. अंगठा वर चढला तर बॅकहँड घट्ट होतो आणि फोरहँड आखडतो. अंगठ्याने बॅकहँडला आणि तर्जनीने फोरहँडला मागून रेटा द्यायचा असतो, हे ध्यानात ठेवले की या दोन बोटांची सगळी भांडणे उलगडतात.

उरतो तो दाबाचा प्रश्न. घट्ट पकडीने कोपरापुढच्या हाताचे स्नायू आवळले जातात आणि आवळलेला हात वेगाने फिरू शकत नाही. गर्दीच्या रस्त्यावरून लहान मुलाचा हात धरून चालताना जेवढा दाब असतो, निसटू नये पण दुखूही नये, तेवढा पुरेसा. दुसऱ्याने टोकाकडून रॅकेट ओढून पाहावी. किंचित अडून ती हातातून सुटली तर दाब योग्य. चेंडू लागण्याच्या क्षणी बोटे आपसूक आवळतात आणि लगेच सैल होतात. सैल होणे हा शिकवण्याचा भाग आहे, आवळणे तर कोणालाही येते. सामना ९-९ वर आला की बहुतेकांची मूठ आवळते. अनुभवी खेळाडू दोन गुणांच्या मध्ये रॅकेट डाव्या हातात घेताना दिसतात. उजवा हात झटकण्यासाठीच ते असते.

हस्तांदोलनाच्या पकडीची एक उणीव जन्मजात आहे. चेंडू थेट अंगावर, उजव्या कोपराच्या रोखाने आला तर फोरहँड मारावा की बॅकहँड, हे ठरवेपर्यंत तो निघून जातो. वरच्या दर्जाचे सगळेच खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपरावर नेम धरतात. या उणिवेवर मुठीत उपाय नाही, पायांत आहे. चेंडू अंगावर येताच अर्धे पाऊल बाजूला सरकून जागा करावी लागते. पकड पुन्हा पुन्हा बदलून हा दोष घालवू पाहणारे खेळाडू आढळतात आणि ते हाती असलेले दोन्ही फटके गमावून बसतात.

लेखणीची पकड आणि मुंबईचे १९५२

पेनहोल्डमध्ये रॅकेटचे टोक खाली झुकलेले असते. अंगठा आणि तर्जनी मुठीच्या बुडाशी समोरून वळसा घालतात आणि उरलेली तीन बोटे फळीच्या मागे, चिनी पद्धतीत वळवून आणि जपानी-कोरियन पद्धतीत बरीचशी सरळ ठेवून टेकवली जातात. जुन्या रीतीत फोरहँड आणि बॅकहँड हे दोन्ही फटके रबराच्या एकाच बाजूने मारले जात. त्यामुळे अंगावर आलेल्या चेंडूबाबत दुविधा उरत नाही आणि मनगट इतके मोकळे राहते की सर्व्हिसमध्ये फिरकीचे नाना प्रकार लीलया साधतात. किंमत मोजावी लागते ती डाव्या कोपऱ्यात. तिथे आलेल्या चेंडूवर बॅकहँडने केवळ अडवणूक करता येते, प्रहार जमत नाही. म्हणून जुने पेनहोल्ड खेळाडू डाव्या कोपऱ्यातही धावत जाऊन फोरहँडच मारत. त्यांच्या पायांतली चपळता पकडीने लादलेली होती.

या पकडीच्या सुवर्णकाळाचा उंबरठा महाराष्ट्रात आहे. आशियातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५२ साली मुंबईत भरली आणि तिथे जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंज लावलेल्या रॅकेटने जगातील नामवंतांना नामोहरम करून विजेतेपद मिळवले. काटेरी रबरावर चेंडूचा जो टक् असा आवाज येई, त्यावरून प्रतिस्पर्धी फटक्याचा जोर ओळखत. स्पंजाने तो आवाजच गिळून टाकला. पुढील काही वर्षांत इचिरो ओगिमुरा आणि तोशिआकी तानाका या पेनहोल्ड खेळाडूंनी जपानचे वर्चस्व प्रस्थापित केले. १९५९ मध्ये रोंग ग्वोत्वान हा चीनचा पहिला जगज्जेता ठरला आणि झ्वांग झेदोंगने १९६१, १९६३ व १९६५ असे लागोपाठ तीनदा ते पद राखले. हे दोघेही लेखणीच्या पकडीचेच.

युरोपने याला उत्तर शोधले ते दोन्ही बाजूंच्या टॉपस्पिनने. १९८९ मध्ये डॉर्टमुंड येथे स्वीडनने सांघिक अंतिम सामन्यात चीनला ५-० असे धूळ चारली आणि यान-ओवे वाल्डनरने एकेरीही जिंकली. ते सारे हस्तांदोलनाच्या पकडीचे खेळाडू होते. चीनने तो धडा गिरवला. मुलांच्या प्रशिक्षणात हस्तांदोलनाची पकड वाढीस लागली, आणि दुसरीकडे पेनहोल्ड खेळाडूंनी रॅकेटच्या मागील बाजूलाही रबर लावून त्या बाजूने बॅकहँड मारण्यास प्रारंभ केला. १९९६ चा ऑलिंपिक विजेता ल्यू ग्वोल्यांग याने हा उलटा बॅकहँड आपल्या खेळात आणला आणि २००९ चा जगज्जेता वांग हाओ याने त्यालाच मुख्य बॅकहँड बनवले. २००४ मध्ये अथेन्सला कोरियाचा र्यू सुंग-मिन आणि २००८ मध्ये बीजिंगला चीनचा मा लिन असे दोन पेनहोल्ड खेळाडू ऑलिंपिक एकेरीत सुवर्णपदक जिंकून गेले. त्यानंतर त्या पकडीच्या वाट्याला ते सुवर्ण आलेले नाही. पॅरिसमध्ये लेब्रनने कांस्य मिळवले.

लेब्रनची गोष्ट प्रशिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मोंपेलिएच्या क्लबात खेळणाऱ्या चेन जियान या चिनी खेळाडूची पकड त्याने बालपणी पाहिली आणि तशीच रॅकेट धरली. त्याचा थोरला भाऊ अलेक्सी त्याच वातावरणात वाढून हस्तांदोलनाच्या पकडीने खेळतो आणि तोही जगातील अग्रगण्य खेळाडूंत गणला जातो. एका घरात दोन पकडी नांदल्या, कारण धाकट्याची मूठ सरळ करण्याचा आग्रह कोणी धरला नाही. आपल्याकडे असा मुलगा आला तर पहिल्याच तासाला त्याची बोटे उलगडून ‘नीट’ बसवली जातील, यात शंका नाही. यात प्रशिक्षकाचा दुराग्रह असतोच असे नाही. पेनहोल्ड शिकवू शकणारे, तिचा उलटा बॅकहँड टप्प्याटप्प्याने बांधू शकणारे हात भारतात फार थोडे आहेत, आणि शिकवणारा नसेल तर मुलाला त्या वाटेवर एकटे सोडणे हीदेखील हेळसांडच. म्हणून नवशिक्यासाठी हस्तांदोलनाची पकडच सुरक्षित हा सर्वसाधारण सल्ला योग्य आहे. परंतु एखाद्या मुलाला लेखणीची पकड स्वभावतःच साधत असेल आणि उलट्या बॅकहँडची गोडी असेल, तर ती मोडण्यापूर्वी निदान काही महिने वाट पाहावी.

या दोन पकडींखेरीज आणखी एक प्रकार नोंदवण्याजोगा आहे. अमेरिकेच्या डॅन सीमिलर याने रॅकेटच्या एकाच बाजूने फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही मारणारी, हस्तांदोलनाला पीळ दिल्यासारखी पकड १९७० च्या दशकात प्रसिद्धीस आणली. मागील बाजूस निराळ्या गुणधर्माचे रबर लावून रॅकेट फिरवत राहणे हे तिचे मर्म होते. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असत तोवर प्रतिस्पर्धी फसत. १९८६ पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल ठेवण्याचा दंडक आला आणि ती पकड ओसरली.

सुरतचा वारसा

हस्तांदोलनाच्या पकडीचा भारतीय पाठ पाहायचा तर सुरतकडे पाहावे. हिरे आणि कापड यांच्या या शहराने गेल्या दीड दशकात टेबल टेनिसमध्ये मिळवलेले स्थान मोठ्या महानगरांनाही हेवा वाटावा असे आहे. राष्ट्रकुल स्पर्धांत २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे आणि २०२२ साली बर्मिंगहॅम येथे पुरुष सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघांत हरमीत होता. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मानव ठक्कर २०२० मध्ये एकवीस वर्षांखालील गटाच्या जागतिक क्रमवारीत अव्वल स्थानी पोहोचला. गुजरातने आयोजित केलेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील टेबल टेनिसचे सामने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुरतच्याच पंडित दीनदयाळ उपाध्याय इनडोअर स्टेडियममध्ये झाले आणि घरच्या मैदानावर हरमीतने एकेरीचे सुवर्ण जिंकले.

मराठी वाचकाला सुरत परकी नाही. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. क्रीडाक्षेत्रातही या शहराने मराठी नावाला मान दिला आहे. २०२५ च्या जानेवारीत सुरतमध्ये झालेल्या वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचा मुकुट मुंबईच्या दिया चितळेने मिळवला. दिया, हरमीत, मानव हे तिघेही एकाच कुळातल्या पकडीचे. तरीही कोणाची तर्जनी किंचित वर, कोणाचा अंगठा किंचित आत, हे चित्रफिती थांबवून पाहिल्यास दिसते. मात्र त्या पाहताना एक पथ्य पाळावे. प्रसिद्ध खेळाडूची पकड जशीच्या तशी उचलण्याचा मोह टाळावा. त्याच्या हाताचा पंजा, बोटांची लांबी आणि खेळण्याचे अंतर वेगळे असते. त्याने तहात फोरहँडला दिलेली सवलत दुसऱ्याला महागात पडू शकते.

पकड बदलू नये या नियमाला एक अपवाद आहे आणि तो सर्वच मोठ्या खेळाडूंच्या खेळात दिसतो. सर्व्हिस करताना खेळाडूपाशी वेळच वेळ असतो. त्या क्षणी खालची तीन बोटे मुठीवरून सुटतात, रॅकेट केवळ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत राहते आणि मनगट चाबकासारखे फिरते. चेंडू सुटताच बोटे पुन्हा मुठीभोवती येतात. हे परतणे सरावाचे आहे. सर्व्हिस अप्रतिम आणि तिसरा चेंडू नेहमी चुकलेला, असे चित्र दिसले तर बोटे उशिरा परतत आहेत असे ओळखावे. त्यासाठी चेंडू न घेता, चिमटीतून पूर्ण पकडीत येण्याची क्रिया दररोज शंभरेक वेळा करावी. घरात दूरदर्शनसमोर बसूनही ती करता येते.

अशी दुसरी हालचाल रॅकेट फिरवण्याची. मनिका बत्रा बॅकहँडला लांब काट्यांचे रबर वापरते आणि दोन फटक्यांच्या मधल्या क्षणात फळी उलटी करून प्रतिस्पर्ध्याला संभ्रमात टाकते. हे साधायचे तर मूठ सैल हवी आणि दोन्ही बाजूंनी हाताला सारखीच बसायला हवी.

बोटांबाबतचा एक नियम अनेक खेळाडूंना ठाऊक नसतो आणि त्यावरून क्लबांत हमखास वाद झडतात. रॅकेट धरलेल्या हाताला मनगटाखाली चेंडू लागून पलीकडे गेला तर तो फटका वैध असतो. तेव्हा तर्जनीवर आपटलेला चेंडू जाळ्यापलीकडे पडला तर गुण थांबवण्याचे कारण नाही. रॅकेट हातातून निसटली आणि नुसत्या हाताने चेंडू परतवला, तर मात्र गुण गेला.

मूठ विकत घेताना

दुकानात रबरांच्या रंगावर आणि नाममुद्रेवर जेवढी चर्चा होते तेवढी मुठीवर होत नाही. मुठीचे मुख्य आकार तीन. खाली रुंद होत जाणारी मूठ हातातून निसटत नाही, म्हणून नवशिक्यांत ती लोकप्रिय आहे. मात्र ती हाताला एकाच जागी बांधून ठेवते. सरळ मूठ हाताला हलण्याची, रॅकेट फिरवण्याची मुभा देते. मध्ये फुगीर असलेली मूठ तळहातात भरून बसते आणि थोड्यांनाच मानवते. लेखणीच्या पकडीची मूठ आखूडच असते. हस्तांदोलनाची रॅकेट घेऊन पेनहोल्ड शिकू नये, कारण लांब मूठ तळहाताच्या मागे अडते. रॅकेट घेताना ती हातात धरून, डोळे मिटून, दोन्ही बाजूंचे फटके हवेत मारून पाहावेत. बोटे जागा शोधत राहिली तर ती मूठ आपली नव्हे. रॅकेटच्या आकाराला, वजनाला नियमांत मर्यादा नाही. फळीच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड हवे, एवढीच मुख्य अट. त्यामुळे मूठ तासून घेणे, पातळ करणे यास पूर्ण मोकळीक आहे. बेचकीत रुतणारी फळीची धार अनेक खेळाडू बारीक पॉलिश पेपरने गोल करून घेतात. नव्या फळीवर पहिल्या आठवड्यातच हे करावे; बेचकीला फोड आल्यावर हात नकळत बाजूला सरकतो आणि तिथूनच पकड बिघडते.

सुरतेत काय आणि गोव्यात काय, समुद्राची दमट हवा हा पकडीचा कायमचा शत्रू. पावसाळ्यात बंद सभागृहात पंखे थांबवून खेळताना तळहात घामेजतो, रॅकेट फिरू लागते आणि खेळाडू ती आवळू लागतो. नियमांनुसार प्रत्येक सहा गुणांनंतर घाम पुसण्यास अवधी मिळतो. बहुतेक जण त्यात चेहरा पुसतात. आधी मूठ आणि तळहात पुसावेत. मुठीवर घाम शोषणारी पट्टी गुंडाळण्याचा उपाय सोयीचा असला तरी त्याने मूठ जाड होते. लहान पंज्याच्या मुलाला तो सोसत नाही. खेळून झाल्यावर ओली रॅकेट तशीच पेटीत बंद करू नये, लाकूड ओल धरते.

जुनी पकड बदलायची झाली तर

काही वर्षे खेळलेल्या मुलाची पकड सदोष आढळली तर ती बदलावी की नाही, हा सर्वांत बिकट निर्णय. बदल केला की खेळ प्रथम बिघडतो. जे चेंडू डोळे मिटून जात होते ते जाळ्यात अडकतात, कालपर्यंत हरवलेले सवंगडी जिंकू लागतात आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनाला ते फार लागते. पालकांनाही वाटते की प्रशिक्षकाने चांगला खेळ नासवला. पुष्कळ मुले याच टप्प्यावर जुन्या पकडीकडे परततात किंवा खेळच सोडतात. म्हणून दोष किरकोळ असेल, दोन्ही बाजूंनी निकोप फटका निघत असेल, तर केवळ पुस्तकी नीटनेटकेपणासाठी मूठ बदलू नये. एक बाजू मुळीच चालत नसेल किंवा मनगट, कोपर दुखत असेल, तर मात्र बदल टाळणे म्हणजे पुढच्या वर्षांवर कर्ज काढणे.

बदल ठरलाच तर तो स्पर्धांचा हंगाम संपल्यावर करावा आणि एका वेळी एकच बोट हलवावे. अंगठा, तर्जनी आणि फळीचा कल हे तिन्ही एकदम बदलणाऱ्याला चेंडू चुकला तर चूक कशाची हेच उमगत नाही. आरंभीचे आठ-दहा दिवस टेबलापासून दूर, आरशासमोर मोकळ्या हाताने फटके मारावेत. बोटांना नवी जागा ठाऊक होईपर्यंत चेंडू हवाच कशाला? मग साथीदाराने हाताने टाकलेले मंद चेंडू, त्यानंतर एकाच दिशेची रॅली आणि सर्वांत शेवटी गुण मोजून खेळ. या काळात दर पाच-सात चेंडूंनंतर थांबून मुठीकडे पाहावे. तर्जनीच्या जागी रबराच्या कडेवर पेन्सिलीने बारीक खूण केली तर बोट सरकल्याचे ताबडतोब कळते. सामन्याआधी ती खूण पुसून टाकावी, म्हणजे पंचांना हरकत घेण्यास जागा राहत नाही. गुण मोजायला लागल्यावर पहिले काही सामने आपल्याहून कमी दर्जाच्या साथीदाराशी खेळावेत. बरोबरीच्या खेळाडूसमोर ९-९ झाले की हात जुन्या जागेकडे धाव घेतोच, आणि तसे झाल्यास मुलाला रागावण्याऐवजी तो गुण संपू देऊन, पुढच्या सर्व्हिसपूर्वी बोटे शांतपणे परत बसवून घ्यावीत.